सामुदायिक भाजीमळा : उन्हाळी हंगामाची पूर्वतयारी

पावसाळा संपून भाताची कापणी व झोडणी उरकली म्हणजे कोंकणांतील शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. ह्या उसंतींत वाडींतील मंडळींनीं एकत्र यावें, भात निघून मोकळा झालेला एखादा तुकडा घ्यावा, सर्वांनीं अंगमेहनत करून त्यांत भाजीपाला पिकवावा आणि तो घरोघर वांटून घ्यावा, ही कल्पना आतां आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत नवी राहिलेली नाहीं. शाळांच्या आवारांत पोषणबागा कराव्या म्हणून केंद्र शासनानें २०१९ मध्यें मार्गदर्शक सूचना काढल्या. बचतगटांच्या भगिनी परसबागा लावीत आहेत. आणि चार घरांनीं मिळून एका विहिरीवर मळा करणें हें तर कोंकणास मुळींच अपरिचित नाहीं. असें असूनहि पुष्कळ सामुदायिक मळे फाल्गुनापर्यंत हिरवेगार दिसतात आणि ऐन चैत्रांत, म्हणजे ताज्या भाजीची खरी निकड भासते त्याच वेळीं, करपून जातात.

ह्याचें कारण बहुधा बियाण्यांत अगर खतांत नसतें. मळ्याचें क्षेत्र आरंभींच्या उत्साहाच्या मापानें ठरविलेलें असतें. तें चैत्रांतील पाण्याच्या आणि चैत्रांतील हातांच्या मापानें ठरविलेलें नसतें, हेंच त्याचें मुख्य कारण होय. कार्तिकांत पाणी मुबलक दिसतें व माणसेंहि पुष्कळ जमतात. चैत्रांत दोहोंचीहि ओढ लागते. म्हणून उन्हाळी मळ्याची पूर्वतयारी म्हणजे प्रथम ह्या दोन गोष्टींचा हिशेब, आणि मग नांगर, खत व बीं, असा क्रम ठेवावा. प्रस्तुत लेखांत तोच क्रम ठेवून कामें सांगितलीं आहेत.

आपला वसंत

सामुदायिक मळ्याची चाल इतर देशांतहि आहे. इंग्लंडांत १९०८ च्या कायद्यानें लोकांस भाजीच्या लागवडीसाठीं लहान तुकडे देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकण्यांत आली. तेथील तुकड्याचें रूढ माप सुमारें २५० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबानें अडीच गुंठे, असतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तेथें मोकळ्या जागा खणून भाजी लावण्याची मोठी मोहीम झाली आणि त्याच सुमारास आपल्या देशांतहि ‘अधिक धान्य पिकवा’ ही चळवळ निघाली. परंतु तिकडील पुस्तकांत वसंताच्या तयारीविषयीं जें लिहिलेलें असतें, तें जसेंच्या तसें येथें लागू पडत नाहीं. तेथें गारठलेली जमीन ऊब धरीपर्यंत थांबावें लागतें. पाऊस मात्र अधूनमधून येतच असतो. आपल्याकडे उबेचा तोटा कधींच नाहीं. रत्नागिरीस वर्षाकाठीं सरासरीनें ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच पडून जातो. जांभ्याची सच्छिद्र जमीन व समुद्राकडे उतरता प्रदेश ह्यांमुळें तें पाणी टिकत नाहीं. आणि एवढ्या पावसाच्या ह्या जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरनें पाणी पुरवावें लागतें. तेव्हां आपला वसंत म्हणजे उतरत्या पाण्याचा वसंत, हें ध्यानांत धरूनच मळा आंखला पाहिजे.

पाण्याचा हिशेब

उन्हाळ्यांत भाजीच्या पिकास दररोज सरासरी ५ मिलिमीटर पाणी लागतें असें धरावें. एक गुंठा म्हणजे सुमारें १०० चौरस मीटर. ह्यावरून एका गुंठ्यास दिवसाचें ५०० लिटर पाणी होतें. बारा लिटरची कळशी धरल्यास ह्या सुमारें ४२ कळश्या झाल्या. हा आंकडा प्रत्येक सभासदास तोंडपाठ असावा. कारण पुढील सर्व ठराव त्यावरच अवलंबून आहेत.

आतां विहिरीची आवक मोजावी. त्यासाठीं यंत्राची जरुरी नाहीं. सायंकाळीं पाणी काढून झाल्यावर पाण्याच्या पातळीवर खूण करावी, रात्रभर विहीर विसांवूं द्यावी आणि पहाटे कोणीहि पाणी काढण्यापूर्वीं पातळी किती चढली तें पाहावें. दहा फूट व्यासाच्या गोल विहिरींत पातळी एक फूट चढली म्हणजे सुमारें २,२०० लिटर पाणी आलें असें समजावें. ही मोजणी मार्गशीर्षांत एकदां, पौषांत एकदां व माघांत एकदां करून वहींत लिहून ठेवावी.

उदाहरणार्थ, मार्गशीर्षांत अशा विहिरीची पातळी रात्रभरांत दीड फूट चढली. म्हणजे आवक ३,३०० लिटर झाली. ह्याच विहिरीवर पांच घरें पिण्यासाठीं व वापरण्यासाठीं अवलंबून आहेत. प्रत्येक घरांत पांच माणसें आणि माणशीं ५५ लिटर धरले तर त्यांस १,३७५ लिटर लागतात. बाकी १,९२५ लिटर राहिले, म्हणजे जवळजवळ चार गुंठ्यांचें पाणी. उत्साही मंडळी येथेंच हिशेब थांबवितात व चार गुंठे लावून मोकळी होतात. परंतु चैत्रांत आवक निम्म्यावर येईल असें धरा. तेव्हां ती १,६५० लिटर होईल. पांच घरांचे १,३७५ वजा जातां मळ्यास केवळ २७५ लिटर उरतील. एवढ्या पाण्यांत अर्धा गुंठाच जगेल. उरलेले साडेतीन गुंठे एक तर करपतील, नाहीं तर पिण्याच्या पाण्यावर घाला येऊन वाडींत तंटा उभा राहील. म्हणून पिण्याचें पाणी प्रथम वजा घालावें, चैत्राची आवक धरावी, आणि उरेल त्यावर क्षेत्र ठरवावें. आपल्या विहिरीचें पाणी चैत्रांत कितीवर येतें हें वाडींतील पाणी भरणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांस जितकें नक्की ठाऊक असतें, तितकें दुसऱ्या कोणास नसतें. त्यांस विचारल्यावांचून हा आंकडा लिहूं नये. खाडीकांठच्या गांवांत आणखी एक गोष्ट पाहावी. तेथील कित्येक विहिरी उन्हाळ्यांत मचूळ होतात. अशा पाण्यावर भाजीचा भरंवसा ठेवूं नये.

बंधारा

पाणी वाढविण्याचा आपल्या हातांतील उपाय म्हणजे पऱ्यावर अगर वहाळावर घालावयाचा कच्चा बंधारा. आपल्या जिल्ह्यांत दरवर्षीं असे कच्चे, विजय व वनराई बंधारे श्रमदानानें घातले जातात. त्यांतील वनराई बंधारा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा असतो. बंधाऱ्याचें काम वाहतें पाणी कमी होऊं लागलें पण अजून आटलें नाहीं, अशा वेळीं, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षांत, केलें पाहिजे. पौष संपल्यावर घातलेला बंधारा पुष्कळदां कोरड्या पात्रास अडवीत बसतो.

जागा अरुंद पात्राची, दोहों बाजूंस घट्ट कांठ असलेली आणि तळाशीं कातळ अगर कठीण माती असलेली पाहावी. पोतीं माती-वाळूनें तीन-चतुर्थांश भरून तोंडें शिवावीं. भिंतींतील चिऱ्यांप्रमाणें सांधे चुकवून थर रचावे. मध्यें चिकणमाती दाबावी. दोन्ही टोंकें कांठांत हातभर खुपसावीं. उंची एक ते सव्वा मीटरपेक्षां अधिक नेऊं नये, व जास्तीचें पाणी वरून सुरक्षित निघून जाण्यास मध्यभागीं थोडी खोलगट वाट ठेवावी. काम करण्यापूर्वीं ग्रामपंचायतीस कळवावें, आणि खालच्या अंगास ज्यांचीं गुरें पाणी पितात त्यांच्याशीं बोलणें करावें.

बंधाऱ्याच्या पाण्याविषयींहि भलत्या कल्पना नसाव्या. चाळीस मीटर लांब, चार मीटर रुंद व सरासरी अर्धा मीटर खोल असा डोह साठला तर त्यांत ८०,००० लिटर पाणी असतें. झरा आटल्यानंतर त्यांतील निम्मे पाणी मुरण्यांत व वाफ होण्यांत जातें असें धरल्यास ४०,००० लिटर उरतात. तें साठ दिवस पुरवावयाचें म्हणजे दिवसास सुमारें ६६० लिटर, अर्थात् सव्वा गुंठ्याचें पाणी झालें. मात्र जें मुरतें तें सर्वच वायां जात नाहीं. खालच्या अंगाच्या विहिरीस त्याचा आधार मिळतो. पावसाळ्याच्या तोंडावर हीं पोतीं काढून घ्यावीं. नाहीं तर फाटक्या प्लास्टिकचा कचरा पहिल्या पुराबरोबर थेट खाडींत जाऊन पडतो.

हातांचा हिशेब

पाण्याइतकाच माणसांचा हिशेब महत्त्वाचा आहे. एका खेपेस तीन मिनिटें धरलीं तर ४२ कळश्या घालण्यास दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. चार गुंठ्यांस हें काम रोज साडेआठ तासांचें झालें. पौषांत दहा माणसें हौसेनें येतात व हें काम तासाभरांत उरकतात. परंतु रत्नागिरींत फाल्गुनाच्या अखेरीपासून वैशाखापर्यंत हापूसची काढणी, आंबा भरणें, काजूचें बीं गोळा करणें ह्या कामांस घरचें प्रत्येक माणूस लागतें. पैसा त्याच दिवसांत मिळावयाचा असतो. अशा वेळीं मळ्यावर कोणी आलें नाहीं म्हणून त्यास दोष देणें योग्य नाहीं. तें आधींच ओळखून क्षेत्र बेताचें ठेवणें हेंच शहाणपणाचें होय. नाहीं तर पाणी घालण्याचें सारें ओझें त्याच चार-दोन बायकांच्या डोईवर पडतें, ज्या आधींच घरचें पाणी भरून थकलेल्या असतात. एकाच्या श्रमावर दुसऱ्यानें भाजी खावी, अशा मळ्यास सामुदायिक म्हणतां येणार नाहीं.

म्हणून पहिल्या सभेंत एक कोष्टक करावें. प्रत्येक घरानें कार्तिक, माघ व चैत्र ह्या तीन महिन्यांत आठवड्यास किती तास देतां येतील, हें वेगवेगळें सांगावें. चैत्राच्या रकान्याची बेरीज घ्यावी. पाण्यानें जेवढें क्षेत्र बसतें आणि चैत्राच्या हातांनीं जेवढें क्षेत्र झेपतें, त्यांतील जें लहान असेल तेवढेंच लावावें. पंप असल्यास हातांचा भार हलका होतो. परंतु पंपानें विहिरींतील पाणी वाढत नाहीं, उलट तें लवकर तळास जातें, हें विसरूं नये. उंचावर पिंप ठेवून त्यास ठिबकाच्या नळ्या जोडल्यास हात व पाणी दोन्हींची बचत होते. सभासदवर्गणींतून प्रथम हा खर्च करावा.

मुंबईस असणारे चाकरमानी शिमग्यास व पुढें मे महिन्यांत गांवीं येतात. त्यांच्यासाठीं जड व एकरकमी कामें राखून ठेवावीं. शिमग्याच्या सुटींत कुंपणाची दुरुस्ती, मांडव घालणें, आच्छादनाचा पाला वाहून आणणें. आणि मे महिन्यांत मळा आवरणें व विहिरीचा गाळ काढणें, अशी वांटणी सोयीची पडते. रोजच्या पाण्याच्या पाळींत मात्र त्यांचा हिशेब धरूं नये.

जागा व करार

कोंकणांत सात-बाराच्या एका उताऱ्यावर पुष्कळ हिस्सेदारांचीं नांवें असतात व त्यांतील कित्येक परगांवीं असतात. एकानें तोंडी ‘करा’ म्हणावें आणि दुसऱ्यानें माघांत येऊन हरकत घ्यावी, असें घडूं नये म्हणून सर्व हिस्सेदारांची लेखी संमति आधींच मिळवावी. १९४८ च्या कूळकायद्यापासून जमीन दुसऱ्याच्या हातीं देण्याविषयीं मालकांच्या मनांत धास्ती आहे. ती उगीच आहे असें म्हणून टाळूं नये. जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन कागदांत मुदत, उपयोग आणि परत देण्याची तारीख स्पष्ट लिहावी. भाताचें खाचर असल्यास मृगाच्या पेरणीपूर्वीं, म्हणजे मे महिना संपण्याच्या आंत, तें मोकळें करून देण्याचें वचन असावें व तें पाळावें. एकदां पाळलेलें वचन पुढील वर्षाची जागा मिळवून देतें.

जमिनीची मशागत

भाताच्या चिखलणीनें खाचराची जमीन घट्ट बसलेली असते. ती ओली असतां नांगरल्यास ढेंकळें दगडासारखीं होतात. अगदीं वाळल्यावर नांगर शिरत नाहीं. म्हणून वाफसा आल्याबरोबर नांगरट करावी, ढेंकळें फोडावीं आणि पंधरा दिवस उन्हांत तापूं द्यावी.

आपली जांभ्याची जमीन सामान्यतः आम्ल असते. चुना घातल्यानें तिचा आंबटपणा कमी होतो, परंतु त्याचें प्रमाण माती तपासल्यावांचून ठरवूं नये. तुकड्याच्या आठ-दहा ठिकाणीं वीतभर खोल खळगे घेऊन त्यांच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी माती काढावी, ती एकत्र मिसळून चार भाग करावे, समोरासमोरचे दोन भाग टाकून पुन्हां मिसळावें, व अशा रीतीनें राहिलेली अर्धा किलो माती सावलींत वाळवून तपासणीस पाठवावी. चुना घालावयाचा ठरल्यास लागवडीपूर्वीं कांहीं आठवडे घालावा. शेणखताबरोबर एकाच दिवशीं घालूं नये, कारण त्यामुळें खतांतील नत्र उडून जातें.

पावसाळ्यांत आपण गादीवाफे उंच करतों. उन्हाळ्यांत त्याच्या उलट करावें. वाफे सपाट अगर बोटभर खोलगट ठेवावे, म्हणजे पाणी मुळांशीं राहतें. रुंदी चार फुटांहून अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनीं हात पोंचतो व कोणी वाफ्यांत पाय घालीत नाहीं. हा नियम अनेक हात लागणाऱ्या मळ्यांत विशेष पाळावा. रोपें धरल्यावर मधल्या जागेंत वाळल्या पाल्याचें दोन-तीन बोटें जाडीचें आच्छादन घालावें. पेंढा गुरांचा चारा आहे. तो येथें खर्च करण्यापेक्षां आंबा, काजू व बांबू यांचा पडलेला पाला वापरावा. वाळवीचा उपद्रव दिसल्यास आच्छादन खोडापासून चार बोटें दूर ठेवावें.

खत

एका गुंठ्यास २०० ते २५० किलो चांगलें कुजलेलें शेणखत अगर कंपोस्ट लागतें. विकत घेतल्यास खर्च फार होतो, म्हणून आश्विनांतच ढीग घालावा. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथील संस्थेंत १९२४ ते १९३१ ह्या काळांत काम करून जी पद्धत बसविली, ती आजहि सोपी व खात्रीची आहे. पाल्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाला, थोडी माती व राख, असे थर एकावर एक देऊन चार फूट उंचीचा ढीग करावा, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका राखावा, आणि दोन-तीन वेळां चाळवावा. तीन महिन्यांत, म्हणजे पौषअखेर, खत तयार होतें. गिरिपुष्पाचा हिरवा पाला घातल्यास तें लवकर कुजतें. आवारांतील पाला जाळून टाकण्याची संवय सामुदायिक मळा करणाऱ्यांनीं तरी सोडली पाहिजे.

कोंकणांत ह्या कामाचा ध्यास अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनीं घेतला होता. त्यांनीं १९४८ मध्यें कणकवली येथें गोपुरी आश्रम स्थापिला. त्या वेळीं कणकवली रत्नागिरी जिल्ह्यांतच होती. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्यें वेगळा झाला. मैला व केरकचरा यांपासून खत करणें हें कोणा एका जातीचें हलकें काम नसून सर्वांनीं करावयाचें काम आहे, हें त्यांनीं स्वतः करून दाखविलें. सामुदायिक मळ्यानें त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा हाच कीं, ढीग चाळविण्याची पाळी सर्वांवर सारखी यावी. मात्र न कुजलेला मैला अगर ताजें शेण भाजीच्या वाफ्यांत कधींहि घालूं नये. त्यांतून रोग पसरतात.

पिकांची निवड व पेरणी

तुकड्याचे तीन पट्टे पाडावे. पाण्यापासून सर्वांत दूर असलेल्या पट्ट्यांत भात निघतांच, जमिनींत ओल आहे तोंच, कुळीथ व कडवा वाल पेरावा. त्यांस वेगळें पाणी द्यावें लागत नाहीं, म्हणून हा पट्टा वरील हिशेबांत धरूं नये. मधल्या पट्ट्यांत वांगीं व मिरची लावावीं. त्यांचीं रोपें कार्तिकांत पेरून चार ते सहा आठवड्यांनीं उपटून लावतात, म्हणजे आंब्याची धांदल सुरू होण्यापूर्वीं निम्मी फळें हातीं येतात. पाण्याच्या अगदीं जवळच्या पट्ट्यांत खरा उन्हाळी भाजीपाला, म्हणजे भेंडी, चवळी, गवार, काकडी, दोडका, कारलें, पडवळ व माठ, लावावा.

ह्या उन्हाळी पिकांची पेरणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकावी. तशी केल्यास माठ महिन्याभरांत, भेंडी, चवळी व काकडी दीड-पावणेदोन महिन्यांत निघूं लागतात आणि पाण्याची सर्वांत मोठी मागणी चैत्राच्या पूर्वार्धांतच आटोपते. पेरणीस महिन्याचा उशीर म्हणजे पाण्याची मागणी एक महिना पुढें, थेट वैशाखांत, ढकलणें होय. भेंडीचें बीं गुंठ्यास सुमारें १०० ग्रॅम लागतें; तें रात्रभर भिजवून दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवून टोकावें. माठ एकदम न पेरतां पंधरा-पंधरा दिवसांनीं एकेक वाफा पेरावा, म्हणजे वांटणीस भाजी सारखी मिळते.

१९७२ मध्यें स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषि विद्यापीठानें आपल्या हवामानास मानवणारे कांहीं वाण काढले आहेत. त्यांपैकीं कारल्याचा ‘कोकण तारा’, वालाचा ‘कोकण भूषण’ व मिरचीचा ‘कोकण कीर्ती’ हे लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. भेंडीवर पांढऱ्या माशीमुळें शिरा पिवळ्या पडण्याचा रोग येतो. त्यास ‘परभणी क्रांती’ व ‘अर्का अनामिका’ हे वाण बऱ्यापैकीं दाद देत नाहींत. वांगीं, मिरची व टोमॅटो हीं एकाच कुळांतील असल्यानें त्यांस मर रोग सामाईक आहे. ज्या जागीं मागील वर्षीं रोपें हिरवींच असतां एकाएकीं कोमेजून मेलीं, तेथें ह्यांपैकीं कोणतेंहि पीक लावूं नये. काकडी, दोडका व कारलें यांचीं फळें फळमाशीनें सडतात. त्यासाठीं फुलोरा येतांच गंधाचे सापळे टांगावे आणि किडकीं फळें वेंचून खोल पुरावीं. तीं बांधावर टाकणें म्हणजे माशीची पैदास करणेंच होय.

राखण

भात निघाल्यावर गुरें मोकळीं सोडण्याची आपल्याकडे चाल आहे. तेव्हां नांगरटीच्याहि आधीं वई घातली पाहिजे. दगड जवळ असल्यास गडगा घालावा. नसल्यास गिरिपुष्पाच्या मेखा रोंवून त्यांत कांटेरी शिरड्या गुंफाव्या. हे मेख पावसांत रुजतात व पुढील वर्षीं पाल्याचें खतहि देतात. वानर-माकडांस मात्र वई अडवीत नाहीं. त्यांस राखण हाच उपाय असून ती सकाळ व दुपारनंतर अशा दोन पाळ्यांनीं ठेवावी लागते. हें काम वृद्ध माणसें सावलींत बसून उत्तम करतात, व तें पाणी घालण्याइतकेंच मोलाचें समजून वहींत लिहावें. राखणीस माणसें कमी असल्यास बांधाकडेनें मिरची लावावी. वानर तिला फारसें शिवत नाहींत.

वही आणि वांटणी

सामुदायिक कामें पिकाच्या नाशानें जितकीं मोडतात, त्याहून अधिक संशयानें मोडतात. म्हणून एक वही ठेवावी. तींत रोजची हजेरी, पाण्याची पातळी, वर्गणी व खर्च, आणि तोडलेल्या भाजीचें वजन लिहावें, व दर पंधरवड्यास ती सर्वांसमक्ष वाचून दाखवावी. वांटणीची रीत पेरणीपूर्वींच ठरवावी. तोडणीचा एक ठराविक भाग सर्व घरांस सारखा द्यावा आणि उरलेला कामाच्या तासांप्रमाणें वांटावा, ही रीत आम्हांस न्यायाची वाटते. कारण तींत आजारी वा निराधार घर उपाशी राहत नाहीं व राबणाऱ्याचा हक्कहि बुडत नाहीं. प्रत्येक महत्त्वाचें काम दोघांस माहीत असावें, म्हणजे एक परगांवीं गेल्यास मळा अडत नाहीं. आपल्याकडील पैऱ्याची पद्धत येथें उपयोगी पडते: आज तूं माझी पाण्याची पाळी घे, उद्यां मी तुझी घेईन, फक्त ती वहींत लिहिली जावी.

हंगामाच्या शेवटीं भेंडी, चवळी व माठ यांचीं उत्तम झाडें राखून त्यांचें बीं धरावें. संकरित बियाण्यापासून आलेल्या पिकाचें बीं मात्र धरूं नये. मे महिना संपण्यापूर्वीं मांडव उतरावे, बंधाऱ्याचीं पोतीं काढावीं, विहिरीचा गाळ उपसावा आणि तुकडा साफ करून मालकाच्या स्वाधीन करावा.

एवढी सर्व तयारी करूनहि पहिल्या वर्षीं दीड-दोन गुंठेच हातीं लागले, तर त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. चार गुंठे लावून चैत्रांत सोडून दिलेल्या मळ्यापेक्षां वैशाखापर्यंत हिरवा राहिलेला दीड गुंठा वाडीस अधिक भाजी देतो, आणि दुसऱ्या वर्षीं पुन्हां एकत्र येण्याची उमेदहि देतो. वाडींतील माणसें कमी होत चाललेल्या ह्या काळांत ती उमेद टिकणें ही गोष्ट भाजीहून लहान नव्हे. तरी आमच्या शेतकरी बंधुभगिनींनीं येत्या पंधरवड्यांत निदान दोन कामें करावीं: विहिरीवर खूण करून एका रात्रीची आवक मोजावी, आणि चैत्राच्या हातांचें कोष्टक मांडावें. बीं त्यानंतर आणावें.